स्वयंपाकघरातल्या जुन्या लादीवर नवी लादी बसवावी का? कोकणातल्या घरांसाठी तपासणीपासून कामापर्यंत

योग्य ॲडेसिव्ह वापरलं आणि खालची लादी पक्की असली, तर जुन्या लादीवर नवी लादी घट्ट बसते आणि वर्षानुवर्षं हलत नाही. तोडफोड वाचते, बरीचशी धूळ वाचते, तोडण्यापेक्षा लवकर चूल पुन्हा पेटते. म्हणून दुकानदार आणि गवंडी दोघंही हाच मार्ग आधी सुचवतात. पण कोकणात हा निर्णय दुकानात लादी बघून घेता येत नाही. आपल्याकडे बहुतेक जुन्या घरांचं जोतं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आत तांबड्या मातीचा भराव, त्यावर कोबा, म्हणजे धुमसलेला पक्का थर, आणि त्यावर लादी. पावसाळ्यात हा भराव पाण्याने भरतो आणि ते पाणी वर यायला वाट शोधतं. त्या वाटेवर वरून आणखी एक थर बसवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी हा लेख.

कामाचा क्रम असा धरा: तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये, लादीखरेदी दसऱ्याच्या सुमारास, काम दिवाळीनंतर. उलट क्रमाने, म्हणजे गणपतीला चाकरमानी यायच्या आत घर चकाचक हवं म्हणून श्रावणात घाईने केलेलं काम पुढच्या वर्षी पोकळ वाजायला लागण्याची शक्यता फार मोठी.

आधी तक्रार नेमकी कसली आहे?

लादी बदलायची इच्छा होते त्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि प्रत्येकाला नवी लादी हे उत्तर नसतं.

सांधे काळे पडलेत, घासून निघत नाहीत, एवढंच असेल तर सांधे खरवडून त्यात इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा रेझिनचा पक्का माल, भरा. दोन दिवसांचं काम आहे आणि जमीन निम्मी नवी दिसते. दोन-चार लाद्यांना तडे गेले असतील तर तेवढ्याच बदला. जुनी डिझाइन मिळाली नाही तर गॅसच्या ओट्यासमोर वेगळ्या रंगाचा एक पट्टाच बसवून घेता येतो. लादी घसरडी आहे ही तक्रार मात्र गंभीर. मासे धुतलेलं पाणी, तेल आणि गुळगुळीत लादी एकत्र आली की घरातलं वयस्कर माणूस पडतं. तिथे खडबडीत पृष्ठभागाची लादी हवीच.

आणि लादी ओली राहते, सांध्यातून पांढरी पूड येते, कोपऱ्यात कुबट वास येतो, अशी तक्रार असेल तर वर काहीही बसवायचा विचार आत्ता बाजूला ठेवा. आधी पुढची परीक्षा करा.

ओल खालून येते की हवेतून?

पावसाळ्यात लादीला पाणी सुटतं. त्यातलं काही पाणी हवेतलं असतं. बाहेरची दमट हवा थंड लादीला लागली की तिचे थेंब होतात, जसे थंड तांब्याच्या बाहेरून होतात. हे पाणी जमिनीखालून येत नाही आणि त्याने ॲडेसिव्हचं काही बिघडत नाही. दुसरं पाणी भरावातून वर चढतं. दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून अंदाज चालत नाही.

परीक्षा अशी. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा घ्या. चार लाद्या जिथे एकमेकींना मिळतात त्या चौकावर तो पसरा, कारण चकचकीत लादीतून ओल वर येत नाही, ती सांध्यातून येते. एकाच मोठ्या लादीच्या मधोमध प्लास्टिक लावलं तर परीक्षेला अर्थ राहत नाही. आधी ती जागा कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली तासभर सुकवा. मग चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा, कुठेही हवा जाता कामा नये. किमान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवा.

काढताना बघा. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला थेंब आणि खाली कोरडं, तर पाणी हवेतलं. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा सांधे गडद झालेले, तर पाणी जमिनीतून येतंय. अशी परीक्षा कमीत कमी चार ठिकाणी करा: मोरीजवळ, बाहेरच्या भिंतीलगत, ओट्याखाली आणि खोलीच्या मधोमध.

डिसेंबरात केलेली हीच परीक्षा फसवते. जांभ्यातून पाणी लवकर निचरतं, विहिरींची पातळी भराभर खाली जाते, आणि मार्गशीर्षात कोरडी निघालेली जमीन आषाढात ठिबकते. पावसाळ्यात बघायला मिळालंच नाही, तर जुन्या खुणा वाचा. सांध्यावर पांढरी पूड किंवा मिठासारखे खडे, भिंतीच्या खालच्या फूट-दीड फुटात सुटलेला रंग, लोणा लागलेलं प्लास्टर, चौकटीच्या पायाशी कुजलेलं लाकूड, ही सगळी जमिनीतल्या ओलीची सही आहे. लादीखालच्या थरात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ हवेतली ओलही ओढून घेतं आणि लोणा कायम राहतो. खाऱ्या वाळूच्या थरावर नवी लादी बसवून हा प्रश्न सुटत नाही. क्षार नव्या सांध्यांतून पुन्हा वर येतात.

खालून ओल येतेय असं दिसलं तरी लगेच तोडायला घेऊ नका. आधी दोन साधी कारणं तपासा. पहिलं, नळाची गळती. टाकी रात्री भरून सगळे नळ आणि संडासाच्या टाकीचा कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीला टाकीच्या आत खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर जमिनीतली लोखंडी पाइप गंजून फुटली असण्याची शक्यता मोठी. दुसरं, मागीलदारची जमीन. परसातली माती किंवा नंतर घातलेला पेव्हर ब्लॉकचा थर जोत्याच्या पातळीपर्यंत आला असेल, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशीच पडत असेल, तर पाणी तिथूनच आत शिरतं. पन्हळ लावून पाणी लांब नेलं आणि बाहेरची जमीन जोत्यापासून निदान सहा इंच खाली घेतली, की निम्म्या घरांत पुढच्या पावसाळ्यात फरक जाणवतो.

ठोकून बघा

एक रुपयाचं नाणं किंवा करणीची लाकडी मूठ घ्या आणि प्रत्येक लादी पाच ठिकाणी ठोका: चार कोपरे आणि मधोमध. भरीव लादीचा आवाज बारीक आणि टणक येतो, पोकळ लादीचा बद्द. पोकळ निघालेल्या लादीवर खडूने फुली मारा. सगळं झाल्यावर उभं राहून फुल्यांचा नकाशा बघा, तो बरंच काही सांगतो. विखुरलेल्या फुल्या म्हणजे बसवतानाचा हलगर्जीपणा. एका रेषेत फुल्या म्हणजे खालच्या कोब्याला तडा. भिंतीच्या कडेने सगळ्या फुल्या म्हणजे भराव बसलाय.

दहात एकापेक्षा जास्त लाद्या पोकळ असतील तर वर बसवू नका, असा आमचा ठाम सल्ला आहे. दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात एक फुटी लाद्या शंभर येतात. त्यात सात-आठ पोकळ निघाल्या तर त्या काढून खड्डे भरता येतात. पंचवीस निघाल्या तर उरलेल्या पंचाहत्तरही त्याच दिवशी, त्याच मालाने बसवलेल्या आहेत हे लक्षात घ्या. एका रेषेतला तडा किंवा खचलेला कोपरा असेल तर फुल्या कमी असल्या तरी तोडणंच बरं, कारण ती हालचाल नव्या लादीत तशीच उमटते.

चिपळूणसारख्या गावात २००५ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरांत राहिलं, तिथे ही ठोकतपासणी जास्त बारकाईने करा. पाणी ओसरताना लादीखालची वाळू वाहून गेलेली असू शकते आणि वरून काहीच दिसत नाही.

खाली कोणती फरशी आहे?

सिरॅमिक, म्हणजे आपण सरसकट ज्याला स्पार्टेक म्हणतो ती, आणि व्हिट्रिफाइड, म्हणजे पाणी जवळजवळ न शोषणारी घट्ट लादी: पक्की असेल तर उत्तम पाया. फक्त वरची चकाकी मारावी लागते.

मोझॅक: जाड, वजनदार आणि बहुधा चांगली बसलेली. पण वर्षानुवर्षांचं पॉलिश, मेण आणि खोबरेल तिच्यात मुरलेलं असतं. ग्राइंडरने वरचा पापुद्रा घासल्याशिवाय त्यावर काही चिकटत नाही.

शहाबादी: इथे नाही म्हणायची तयारी ठेवा. जुन्या घरांत ती बऱ्याचदा चुन्यावर किंवा नुसत्या मातीवर बसवलेली असते, प्रत्येक दगडाची जाडी वेगळी, आणि पाय ठेवला की एखादा तरी डुलतो. रुंद सांध्यांतून ओलही मोकळेपणी वर येते. शहाबादी उघडी असताना ती ओल उडून जाते. वर व्हिट्रिफाइड बसवली की तिची वाट बंद होते आणि ती भिंतीत चढते. लादी बसवल्यानंतर दोन पावसाळ्यांत भिंतीचा रंग सुटायला लागला, असं का होतं त्याचं उत्तर इथे आहे.

माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर त्यावर लादीचा विचारच नको.

उंचीचा हिशेब

नवी लादी ९ मिलिमीटर आणि ॲडेसिव्ह ४, मिळून १३ मिलिमीटर. गवंड्याच्या भाषेत चार सूत, म्हणजे अर्धा इंच. ऐकायला थोडं वाटतं, पण ते कुठे कुठे नडतं ते कागदावर लिहून काढा.

दरवाजा: आत उघडणारा दरवाजा खालून तासावा लागेल. हिवाळ्यात माप घेऊन तासलेला दरवाजा पावसात फुगतो आणि घासायला लागतो, म्हणून एक-दोन सूत जास्त जागा ठेवा. तासलेली खालची कड उघडी ठेवू नका, तिला प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या. बहुतेक जण हे विसरतात आणि दरवाजा खालून कुजतो.

माजघर किंवा हॉलकडचा उंबरठा: तिथे अर्ध्या इंचाची पायरी तयार होते आणि नेमकी अर्ध्या इंचाची पायरीच ठेच लावते. मोठी पायरी डोळ्याला दिसते, ही दिसत नाही. ग्रॅनाइटची चार-पाच इंच रुंद पट्टी एका बाजूला उतार देऊन बसवली की काम होतं.

ओटा: साधारण ३२ ते ३४ इंच उंचीचा ओटा अर्ध्या इंचाने ठेंगणा होईल. उंच माणसाला आधीच वाकावं लागत असेल तर हे त्रासाचं.

ओट्याखालची यंत्रं आणि सिलिंडर: डिशवॉशर किंवा वॉशिंग मशीन ओट्याखाली अगदी मापात बसवलेलं असेल, आणि लादी त्याच्या पुढ्यापर्यंतच बसवली, तर ते नंतर दुरुस्तीसाठी बाहेर ओढता येत नाही. सिलिंडर रेग्युलेटर लावून सहज आत-बाहेर होतो का, हेही मोजून घ्या.

मोरी: सगळ्यात महत्त्वाचं. स्वयंपाकघरातच मोरी असेल तर तिचा कठडा नव्या जमिनीच्या तुलनेत बुटका होतो आणि भांडी घासतानाचं पाणी बाहेर येतं. मोरीतही लादी चढवायची तर नहाणी ट्रॅपची, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या भोकावरची, जाळी त्याच मापाने वर घ्यावी लागते. ती खालीच राहिली तर जाळीभोवती खड्डा होऊन त्यात शेवाळ धरतं, आणि जास्त वर आली तर पाणी साचतं. मोरीत फुटाला एक सूत ढाळ हवा. बाकीच्या जमिनीला मोरीकडे किंवा मागीलदाराकडे फुटाला अर्धा सूत पुरे. जुना ढाळ चुकीचा असेल तर तो पातळ ॲडेसिव्हने सुधारत नाही. त्यासाठी तोडावंच लागतं.

फ्लॅट किंवा वरचा मजला असेल तर

९ मिलिमीटरची व्हिट्रिफाइड आणि ॲडेसिव्ह मिळून चौरस मीटरला २८ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे शंभर चौरस फुटांना सुमारे २६० किलो. चांगल्या स्लॅबला हे जड नाही. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत स्लॅबमधल्या सळ्या गंजतात, फुगतात आणि खालचं काँक्रीट उडवतात. म्हणून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचं छत बघा. सळ्या उघड्या पडल्या असतील, गंजाच्या तांबूस रेघा असतील, तर वजन वाढवू नका आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. अशा जागी तोडल्याचा उलट फायदाच होतो: दोन इंची मसाल्याचा थर आणि जुनी लादी काढली की शंभर फुटांमागे टनभर वजन उतरतं. मात्र तोडताना मोठा ब्रेकर लावू देऊ नका. छोटं यंत्र आणि छिन्नी-हातोडीच वापरायला सांगा.

मग ठरवायचं कसं?

ओल खालून नाही, दहात एकापेक्षा कमी लाद्या पोकळ, तडा नाही, ढाळ बरोबर, आणि अर्धा इंच उंची सगळीकडे मावते, तर निर्धास्त वर बसवा. यातली पहिली अट मोडली तर बाकी सगळं ठीक असूनही बसवू नका; जास्त लाद्या पोकळ, तडा किंवा चुकीचा ढाळ असेल तरीही नको. फक्त उंची कुठे नडत असेल तर दुरुस्तीचा खर्च मांडून बघा.

भाड्याचं घर किंवा अगदी तात्पुरती सोय हवी असेल तर व्हिनाइलचा रोल किंवा एकमेकांत अडकणाऱ्या ४-५ मिलिमीटरच्या फळ्या हाही मार्ग आहे. त्यांना पाण्याचं भय नाही, पण त्यांच्याखाली कोंडलेल्या ओलीला बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो. तळमजल्यावर प्लास्टिकची परीक्षा नापास झाली असेल तर याही नकोत. लाकडी लॅमिनेट कोकणातल्या स्वयंपाकघरात बसवूच नये, ते पहिल्याच पावसाळ्यात कडांना फुगतं. लादीवर मारायचा रंग ओट्यासमोर वर्षभरात झिजतो.

माल किती लागेल?

दहा बाय दहाच्या खोलीचा हिशेब:

- दोन बाय दोन फुटी लादी: शंभर चौरस फूट अधिक दहा टक्के तूट. चार लाद्यांचा बॉक्स १६ चौरस फुटांचा, म्हणून ७ बॉक्स. सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, ते दुकानातच बघा.
- ॲडेसिव्ह: २० किलोची पिशवी ४ मिलिमीटर जाडीत साधारण ३८ चौरस फूट पुरते. तीन पिशव्या लागतात, लादीच्या पाठीवर लावायला धरून चार घ्या.
- इपॉक्सी ग्राउट: ३ मिलिमीटर सांध्याला दीड किलो, म्हणजे दोन किलो आणा. एक फुटी लाद्या असतील तर दुप्पट.
- स्पेसर, लेव्हलिंग क्लिप, चिकटपणासाठी प्रायमर, आणि पोकळ जागा भरायला पॉलिमर मिसळलेला सिमेंट मसाला.

ॲडेसिव्हच्या पिशवीवर ‘टाइल ऑन टाइल’ असा उल्लेख स्पष्ट हवा. भारतीय मानक आयएस १५४७७ मध्ये ॲडेसिव्हचे टाइप १ ते ५ असे प्रकार आहेत. या कामाला टाइप १ चालत नाही, सहसा टाइप ३ किंवा त्यापुढचं लागतं. पिशवीवरची तारीखही बघा. मे महिन्यात आलेला माल अख्खा पावसाळा दुकानात दमट हवेत पडून राहतो आणि ऑक्टोबरात विकला जातो. पिशवी दाबल्यावर गाठी लागल्या तर परत करा.

लादी गुळगुळीत पॉलिशची नको, मॅट घ्या. घसरण्याच्या मोजमापात निदान आर १० असलेली. अनवाणी चालून बघायची सोय दुकानात नसते, पण ओल्या हाताने दाबून घासून बघता येतं.

काम: एकेक पायरी

पहिला दिवस सफाईचा. सिलिंडर बाहेर, फ्रिज बाहेर, ट्रॉल्यांच्या पुढच्या खालच्या पट्ट्या काढलेल्या. फुली मारलेल्या लाद्या काढा, खालचा भुसभुशीत मसाला निघेल तेवढा काढा आणि पॉलिमर मसाल्याने जुन्या लादीच्या पातळीपर्यंत भरा. जुनं स्कर्टिंग काढून टाका. त्याच्यावर नवं चिकटवलं तर ते भिंतीतून इंचभर पुढे येतं आणि वर धूळ बसते.

मग तेल काढा. मासे तळताना उडालेलं तेल ओट्यासमोरच्या तीन फुटांत असा थर धरतं की नुसत्या साबणाने ते जात नाही. पाच लिटर कडकडीत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून ताठ ब्रशने घासा, मग दोनदा साध्या पाण्याने धुवा. दुकानात मिळणारं ॲसिड वापरू नका. ते तेल काढत नाही, सांध्यातलं सिमेंट मात्र खातं आणि मागे क्षार ठेवतं. धुतल्यावर ओल्या हातात तुरटी धरल्यासारखा खरबरीत स्पर्श आला पाहिजे, बुळबुळीत नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्ण सुकल्यावर चकाकी मारा. ग्राइंडरला हिऱ्याचा कप व्हील लावून वरचा चकचकीत थर घासायचा, लादी पांढुरकी आणि खरखरीत होईपर्यंत. छिन्नीने टाचे मारायची गवंड्यांची सवय इथे घातक ठरते. कोब्यावर टाचे ठीक, पण पातळ सिरॅमिकला मारले की प्रत्येक घावागणिक लादी खालून सुटते आणि तुम्ही स्वतःच पोकळ पाया तयार करता. घासताना तोंडाला चांगला मास्क हवा, ती धूळ फुप्फुसांना वाईट असते. मग व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने सगळी पूड उचला. पूड राहिली तर ॲडेसिव्ह लादीला न चिकटता पुडीलाच चिकटतं. शेवटी प्रायमरचा एक हात.

पातळी बघा. सहा-सात फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी सगळ्या दिशांना फिरवा. खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा आधीच भरून घ्या. ॲडेसिव्ह जाड घालून खड्डा भरायचा नाही, ते सुकताना आकसतं आणि लादीचा कोपरा खाली ओढतं.

आता कोरडी मांडणी. दारातून आत येताना जी रांग नजरेत भरते तिथे अख्खी लादी, तुकडे ओट्याखाली आणि फ्रिजमागे. भिंतीपासून चारही बाजूंनी ५-६ मिलिमीटर फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकते. ही फट न ठेवता लादी भिंतीला घट्ट भिडवली, तर चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती फुगायला जागा मिळत नाही आणि मधल्या दोन लाद्या तंबूसारख्या उठतात.

ॲडेसिव्ह कालवायला २० किलोला साधारण ५ लिटर पाणी लागतं, पण पिशवीवर लिहिलेलं माप शेवटचं. पाणी गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या खारट बोअरवेलचं पाणी वापरलं तर क्षार पुन्हा आत आलेच. यंत्राने कालवा, दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा हलवा. घट्ट व्हायला लागलं की वरून पाणी घालून पातळ करायचं नाही, फेकून द्यायचं.

दाते असलेल्या थापीने, दोन बाय दोनच्या लादीला ८ ते १० मिलिमीटरच्या दात्यांनी, ॲडेसिव्ह जमिनीवर एकाच दिशेने ओढा. एका वेळी दोन लाद्यांपुरतंच. खाडीवरचा वारा आत येत असेल तर खिडक्या बंद ठेवा, नाहीतर वर साय धरते आणि लादी तिला चिकटत नाही. बोटाने शिवून बघा, बोटाला लागलं पाहिजे. लादीच्या पाठीवरही पातळ हात मारा, मग लादी ठेवून रेघांच्या आडव्या दिशेने थोडी सरकवा आणि रबरी हातोड्याने ठोका. दर आठ-दहा लाद्यांमागे एक उचलून बघा. पाठ कोपऱ्यांसकट पूर्ण माखलेली दिसली पाहिजे.

पाच ठिकाणी गोळे ठेवून लादी दाबायची पद्धत अजिबात चालवून घेऊ नका, कितीही अनुभवी गवंडी असला तरी. पाटा-वरवंटा, सिलिंडरची कड, हातातून सुटलेला नारळ, यातलं काहीही पोकळ कोपऱ्यावर पडलं की लादी फुटते. नुसती सिमेंटची रबडीही नको. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, तेव्हा सिमेंटला धरायला तिथे काही मिळत नाही.

सांधा ३ मिलिमीटर ठेवा. ‘जॉइंट दिसणार नाही’ ही कौतुकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण सांधा म्हणजे लादीला श्वास घ्यायची जागा आहे.

बसवल्यावर इथे एक फरक आहे जो बरेच गवंडी पाळत नाहीत. कोब्यावर बसवलेल्या लादीखालचं पाणी कोबा शोषून घेतो. लादीवर लादी बसवली की वरही न शोषणारी, खालीही न शोषणारी, मधल्या ॲडेसिव्हला सुकायला फक्त सांध्यांचाच रस्ता. म्हणून २४ तासांत ग्राउट भरू नका. सांधे साफ करून ४८ ते ७२ तास उघडे ठेवा, पंखा चालू ठेवा. मगच इपॉक्सी ग्राउट, आणि एका वेळी दहा मिनिटांत पुसता येईल तेवढंच. इपॉक्सी लादीवर सुकलं तर निघत नाही. फ्रिज आणि सिलिंडर आठवड्याने आत आणा.

तोडायचंच ठरलं तर

शंभर फुटांत टनभर राडारोडा निघतो, तीस किलोच्या पस्तीस-चाळीस गोण्या. तो कुठे टाकायचा ते आधी ठरवा, व्हाळात (ओढ्यात) किंवा खाडीत नको. लोखंडी पाइपलाइन जमिनीत असेल तर हीच ती बदलायची वेळ. उघड्या भरावात वाळवीची घरटी किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवीचं औषध आत्ताच घालून घ्या, लादी बसल्यावर भोकं पाडत बसावं लागतं.

भराव नीट धुमसून, त्यावर जांभ्याच्या तुकड्यांचं किंवा खडीचं सोलिंग, म्हणजे दाबून बसवलेला दगडांचा थर, त्यावर २५० मायक्रॉनचं जाड प्लास्टिक, सांध्यांना सहा इंच एकमेकांवर चढवून आणि भिंतीवर लादीच्या पातळीपर्यंत वळवून. त्यावर तीन-चार इंच काँक्रीट. खालून चढणारी ओल अडवणारा थर तो हाच, आणि जुन्या घरांत नेमका तोच नसतो. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा, मग ते चांगलं सुकू द्या आणि प्लास्टिकची परीक्षा पुन्हा एकदा करून मगच लादी बसवा. म्हणूनच हे काम दिवाळीनंतर लगेच धरायचं, म्हणजे फेब्रुवारीत आंबा-काजूच्या कामांना गडी-माणसं निघून जायच्या आत घर मोकळं होतं.

दोन्हीपैकी कोणताही मार्ग घेतला तरी चार लाद्या आणि अर्धा किलो ग्राउट बाजूला काढून ठेवा, आणि बॉक्सवरचा बॅच नंबर ओट्याखालच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.